आतली धूळ

माइमूने मशीन आणलं ते बर्फावरच्या घसरगाडीवर,
घोंगडीत गुंडाळून, दोरीने आवळून,
आजारी मेंढरू आणावं तसं.
हापसालूच्या खाडीवर वारा सुटला होता.
‘चाक फिरत नाही, काल्यू,’ ती म्हणाली,
‘आई गेल्यापासून कुणी हात लावला नाही.’

मी होड्यांच्या इंजिनांचा माणूस.
बत्तीस वर्षं गोदीत
डिझेल प्यायलेल्या लोखंडाशी भांडलो.
म्हणून पहिल्या दिवशी जे करू नये तेच केलं :
पान्हा लावला, जोर दिला.
आत काहीतरी कण्हलं.
पान्हा ठेवला आणि कॉफी करायला उठलो.
लाज वाटली की मी कॉफी करतो.

मग रॉकेल. थेंब थेंब,
जिथे छिद्र आहे तिथे, आणि संशय आहे तिथेही.
जुनं तेल हे तेल राहत नाही,
त्याचा डिंक होतो, पिवळा, हट्टी,
रुसलेल्या माणसासारखा :
ओढलं तर आणखी चिकटतो,
ऊब दिली तर सुटतो, पण आपल्या सवडीने.
रात्री शेगडीपाशी ठेवायचो.
झोपताना एकदा चाकाला हात लावून बघायचो.

चौथ्या दिवशी ते गव्हाच्या दाण्याएवढं हललं.
सहाव्या दिवशी धोटा बाहेर आला.
होडीच होती ती!
टोकदार नाळ, पोटात बॉबिनचा खण.
आमच्या भाषेत धोटा आणि छोटी नाव
एकाच शब्दाची दोन पोरं,
हे मला सत्तराव्या वर्षी, चिमट्याच्या टोकावर कळलं.

दातांखालची पट्टी काढली.
खाली धूळ, थरावर थर, नमद्यासारखी दाबलेली.
वर नारिंगी, नायलॉनची :
त्या काळी दुकानात दुसरं काही मिळतच नव्हतं.
मग खाकी. मग राखाडी, बराच वेळ राखाडी.
आणि अगदी तळाशी, एकमेकांना चिकटून,
निळा, काळा, पांढरा.

मी शाळेत होतो तेव्हा
हे तीन रंग या क्रमाने शेजारी ठेवायला बंदी होती.
मास्तर रंगपेट्या तपासायचे.

ती धूळ तळहातावर घेऊन मी बसून राहिलो.
मग शिंक आली.
उरलं ते तेलकट चिंध्यांबरोबर शेगडीत गेलं.
असा मी शहाणा.

दहाव्या दिवशी माइमू आली.
पट्टा नवा, चामड्याचा. स्क्रू जागच्या जागी,
एक उरला होता, तो मी खिशात लपवला.
चाक आता एका बोटाने फिरत होतं.
पण टाका पडेना.
दोरा ताणला, सैल केला, धोटा काढला, घातला,
मशीनला आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या.
माइमू, जिने आयुष्यात साधं बटण लावलं नाही,
वाकली आणि म्हणाली,
‘सुई उलटी आहे. आई चपटी बाजू दुसऱ्या अंगाला ठेवायची.’

फिरवली सुई.
आणि टक टक टक टक,
चिंधीवरून एक सरळ वाट चालत गेली.

‘आत काही सापडलं?’ तिने विचारलं.
‘धूळ,’ मी म्हणालो. मग राहवेना. रंग सांगितले.
ती हसली. ‘निळा माझ्या शाळेच्या झग्याचा,
काळा आत्याच्या सुतकाचा, पांढऱ्या चादरी.
कुणाच्या घरात नसतात?’
खरं होतं. मी मान डोलावली.

ती चाक फिरवत राहिली, दोरा नसतानाही.
बऱ्याच वेळाने, मशीनकडे बघतच :
‘एका हिवाळ्यात आई रात्री शिवायची.
खिडकीवर ही घोंगडी टांगलेली असायची.
थंडी फार आहे, असं सांगितलं होतं मला.’

मी कॉफी करायला उठलो.
परत आलो तेव्हा ती
माझ्या जॅकेटचा फाटलेला खिसा
वाकड्या टाक्यांनी शिवत होती,
आणि तो उरलेला स्क्रू
टेबलावर काढून ठेवला होता.